त्रेचाळीस फेऱ्यांची खिंड

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आपली चूक आपण सांगितली तर ती आपल्या मापाची राहते. दुसऱ्याने सांगितली की उगाच दोन नंबर मोठी होते.

आमचं घर एक, मजले दोन. खाली मोठे दीर, म्हणजे भावजी, आणि जाऊबाई. वर मी आणि माझा नवरा. जिना एकच असल्यामुळे भांडण झालं तरी अबोला फार टिकत नाही. पिशवी घेऊन वर चढताना कुणीतरी समोर येतंच आणि मग निदान "सरका" तरी म्हणावं लागतं. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. कागदी पॅटर्न कापडावर मांडायचे, खडूने आखायचे, शिलाईची माया सोडायची आणि कापायचं. तीस वर्षं हेच करतेय. जाऊबाई बसडेपोत ड्युट्या लावायच्या. कोणता ड्रायव्हर, कोणती गाडी, किती वाजता, कुठे. शहरातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी कधी ना कधी कुठेतरी पोचवलंय. स्वतः मात्र एकोणतीस वर्षं घर ते डेपो आणि डेपो ते घर, चार किलोमीटर, सायकलवर.

मध्ये त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. वर्षाच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, काय वाटेल ते खा, कुठे वाटेल तिथे जा, आता माझ्याकडे येऊ नका. जाऊबाई बऱ्या झाल्या, पण घर काही बरं झालं नाही. त्या उठल्या की भावजी उठायचे. त्या खुर्ची सरकवायला लागल्या की माझा नवरा धावायचा. मीही त्यातलीच, उगाच दुसऱ्यांना नावं कशाला ठेवू.

जाऊबाईंच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी सगळे खाली जेवायला बसलो होतो. भावजींनी विचारलं, "मग आता काय करायचं ठरवलंयस?" त्यांना वाटलं असेल, बागकाम वगैरे म्हणेल.

"परदेशात जाऊन आठ दिवस सायकल चालवायची," जाऊबाई म्हणाल्या. "जिथलं आपल्याला काहीच माहीत नाही अशा ठिकाणी."

भावजींचा घास हातातच राहिला. माझा नवरा म्हणाला, "वहिनी, सायकल इथेही चालवता येते की."

"इथले रस्ते मला तोंडपाठ आहेत. कोणत्या वळणावर किती मिनिटं जातात तेसुद्धा. एकदा तरी असं वळण घ्यायचंय, की पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही."

"मी येते," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी आधी बोलते, मग विचार करते आणि मग स्वतःवर चिडते. या खेपेला चिडले नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला लग्नानंतर पहिल्यांदाच या घरात मोठी बक्षिसी मिळाल्यासारखं वाटलं.

मग कामाला लागलो. फोनवर चित्रं बघून आम्ही एक प्रदेश निवडला. तिथली भाषा दोघींनाही येत नव्हती, हीच त्यातली मजा होती. तिकडे सायकली भाड्याने देणारी एक बाई सापडली. सायकली द्यायच्या, मुक्कामाच्या खोल्या ठरवायच्या आणि पाहुण्यांचं सामान रोज पुढच्या मुक्कामाला गाडीने पोचवायचं, असा तिचा धंदा. तिने टपालाने मोठा कागदी नकाशा पाठवला. तो जाऊबाईंच्या जेवणाच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर माझ्या कात्र्या ठेवल्या, आणि आम्ही दोन बायका रोज संध्याकाळी त्या टेबलाला चिकटलो. भावजी आणि माझा नवरा बाहेर ओट्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागले. कुरकुर केली, पण जेवले.

अंतर मोजायचं काम माझं. रस्त्यावर दोरा ठेवायचा, वळणावळणावर टाचणी लावायची, मग दोरा ताणून पट्टीवर मोजायचा. बाही जोडायच्या मुंढ्याचा गोलवा मी असाच मोजते, आणि आजवर माझ्या हातचा एकही मुंढा तंग झालेला नाही. मी आकडा सांगायची आणि जाऊबाई वेळापत्रक लिहायच्या. नऊ वाजून चाळीस, गिरणी. दहा वाजून पाच, जुना पूल. दहा वाजून पन्नास, तळ्याकाठचं गाव, पाणी, दहा मिनिटं. ती गावं आम्ही पाहिलेली नव्हती, त्यांची नावं धड उच्चारता येत नव्हती, पण आम्ही तिथे किती वाजता पोचणार हे पक्कं होतं.

चौथा दिवस सगळ्यात छोटा निघाला. जेमतेम अठ्ठावीस किलोमीटर. "या दिवशी आपण चैन करू," मी म्हटलं. "दुपारी जेवून सरळ झोपू." जाऊबाईंनी लिहिलं: चौथा दिवस, दुपारी आराम, दोन तास. विमानाची तिकिटं काढली. वेळापत्रक सायकलवालीला पाठवलं.

तिचं उत्तर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर आलं. फोनने भाषांतर करून दाखवलं ते साधारण असं होतं: इतकं नीटनेटकं वेळापत्रक मी आजवर पाहिलं नाही. फक्त चौथ्या दिवशी तुम्ही पाऊण तासात खिंडीच्या माथ्यावर पोचलेल्या दाखवल्या आहेत. तो चढ सहाशे चाळीस मीटर उंचीचा आहे. सवय असलेल्या माणसालाही दोन-अडीच तास लागतात. तुमच्या वयाचे बरेच पाहुणे त्या दिवशी सामानाच्या गाडीत बसून वर जातात. दोन जागा ठेवू का? रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नंतर जागा मिळणार नाहीत.

कुठली खिंड, कसला चढ, असं मनात म्हणत मी घरी आले आणि कुणी बघत नाही असं पाहून नकाशा उघडला. चौथ्या दिवसाच्या रस्त्याभोवती बारीक तपकिरी रेघा होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, इतक्या दाट की कागद तिथे काळपट दिसत होता. त्या रेघा म्हणजे उंची. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला त्या दिसल्या नव्हत्या का? रोज दिसत होत्या. पण आमच्या धंद्यात एका कागदावर एकाच सदऱ्याची पाच-सहा मापं एकात एक छापलेली असतात. आपल्याला हवं ते माप धरायचं आणि बाकीच्या रेघांकडे बघायचंही नाही, नाहीतर कात्री भलतीकडे जाते. तीस वर्षं डोळ्यांना हेच वळण लावलं. त्यांनी इथेही इमानेइतबारे तेच केलं. रस्ता तेवढा धरला आणि अख्खा डोंगर सोडून दिला.

ही गोष्ट मी तीन दिवस लपवली. मला त्याची लाज वाटते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. जाऊबाईंनी नुसतं "नकाशा कुठाय गं?" विचारलं तरी मी दचकायची. एकदा तर सांगितलं, घड्या पडल्यात म्हणून इस्त्री करायला वर नेलाय. मग खरोखरच इस्त्री करत बसले, आणि त्या तपकिरी रेघांवरून इस्त्री फिरवताना वाटलं, या दाबून सपाट झाल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊबाई जिना चढून वर आल्या. त्यांनी वेळापत्रकाच्या दोन प्रती केल्या होत्या, एक माझ्यासाठी. वरून प्लास्टिक लावलेलं, म्हणजे पावसात भिजायला नको. आठही दिवस सुबक अक्षरात. चौथ्या दिवसापुढे "आराम" या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. ती रेघ बघितली आणि माझा बांध फुटला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग नकाशा मागितला. त्या तपकिरी रेघांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "या तुला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या. मला वाटलं, बाकीची मापं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांना हसू आलं. आधी गालात, मग खुर्ची धरून. "बाकीची मापं," असं परत परत म्हणत त्या डोळे पुसत होत्या. मीही हसायला लागले, आणि मग हसता हसता त्या थांबल्या.

"सहाशे चाळीस मीटर," त्या म्हणाल्या. "आणि तू मला त्या दिवशी झोपवणार होतीस."

खाली चौघं बसलो. भावजींनी सगळं ऐकलं आणि शहाण्या माणसासारखंच बोलले. "सात दिवस सायकल, एक दिवस गाडी. त्यात कमीपणा कसला? ती बाई स्वतःच म्हणतेय, बरेच जण बसतात म्हणून."

"दुरून डोंगर साजरे, वहिनी," माझा नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "आपल्या गावात दुरूनही डोंगर नाही, कुणाला सांगताय." खरंच आहे ते. आमचं गाव इतकं सपाट, की रस्त्यावर ठेवलेलं लिंबू संध्याकाळी तिथेच सापडेल. सगळ्यात मोठा चढ म्हणजे कालव्यावरचा पूल.

"गाडीत बसून वर जायचं असेल तर मी येत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"अगं, हा हट्ट झाला," भावजी म्हणाले.

"असू दे हट्ट. दोन वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला जपलंत. त्याबद्दल मी कधी काही म्हणाले का? पण मला आजारी असल्यासारखं वागायची सवय लागत चाललीय. कालपरवा मी पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी मागे वळून बघितलं, कुणी येतंय का. त्या खिंडीच्या पायथ्याशी मला गाडीत बसवलंत, तर मी कायमची त्या गाडीतच बसेन." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि चढ खरंच जमणार नसेल, तर ते मला इथे कळू दे. तिथे अर्ध्या वाटेत, परक्या लोकांसमोर नको. रविवारी संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? रविवारी बघू. नाही जमलं तर सगळंच रद्द म्हणून कळवून टाक."

भावजी उठून ओट्यावर गेले. त्यांचा राग नव्हता तो. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर सात तास ते एकटे बसले होते. तो बाक त्यांच्या मनातून गेलेला नव्हता. मला ते कळत होतं आणि जाऊबाईंनाही कळत होतं, पण म्हणून काय उरलेलं आयुष्य बाकावर काढायचं?

राहता राहिला प्रश्न, सपाट गावात सहाशे चाळीस मीटर आणायचे कुठून. ते जाऊबाईंनी शनिवारी सकाळी चहा पिता पिता सोडवलं. बाजारपेठेत गाड्या लावायची पाच मजली इमारत आहे. गाड्या उतारावरून, म्हणजे खरं तर चढावरून, थेट गच्चीपर्यंत जातात. आम्ही टेप घेऊन निघालो. मजल्यांची उंची मी मोजली, या खेपेला उभी. एकेक मजला तीन मीटर. तळापासून गच्चीपर्यंत पंधरा.

"त्रेचाळीस वेळा गच्चीवर गेलं की खिंड झाली," जाऊबाई म्हणाल्या. "सहाशे पंचेचाळीस. पाच मीटर जास्तच."

"थेंबे थेंबे तळे साचे," मी म्हटलं.

"तळं कसलं, डोंगर साचवायचाय."

तिथला व्यवस्थापक निघाला डेपोतला जुना ड्रायव्हर. जाऊबाईंना बघून तो आधी खुर्चीतून उठलाच. अकरा वर्षं त्यांनी त्याला पहाटेची ड्युटी लावली होती. "बाई, तुमच्यामुळे मला आजही चारला जाग येते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार किती आणि अभिमान किती ते कळलं नाही. रविवारी बाजार अकराला उघडतो. अकरापर्यंत इमारत तुमची, नंतर गाड्या यायला लागतील, मग एक मिनिटही देता येणार नाही, असं त्याने बजावलं.

दुपारी जाऊबाईंनी वेळापत्रक केलं. "घाटाच्या गाडीला आम्ही वेळ वेगळा द्यायचो," त्या मला समजावत होत्या. "सपाटीचा वेळ घाटाला दिला की गाडीपण तापते आणि ड्रायव्हरपण." एका फेरीला वर-खाली मिळून पाच मिनिटं. दहा फेऱ्या झाल्या की दहा मिनिटं विश्रांती. साडेपाचला सुरुवात, पावणेदहाला त्रेचाळीस पूर्ण. मी दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासले, साखळ्यांना तेल दिलं आणि मनात म्हटलं, जाऊबाईंना वीस जमल्या तरी खूप. काय करणार, मीही त्याच घरात राहते.

रविवारी साडेपाचला उजाडत होतं. ड्रायव्हर दारात उभा होता. मी त्याला माझा आखायचा खडू दिला. त्याने गच्चीवरच्या खांबावर दोन चौकटी आखल्या, एक जाऊबाईंची, एक माझी.

पहिल्या दहा फेऱ्या गमतीत गेल्या. रिकाम्या मजल्यांवर बोलणं घुमायचं, म्हणून आम्ही मुद्दाम बोलत होतो. जाऊबाई प्रत्येक मजल्याला तिकडच्या गावांची नावं देत होत्या. दुसरा मजला गिरणी, तिसरा जुना पूल. दुसऱ्या दहांत बोलणं बंद झालं. नुसता साखळीचा आवाज आणि श्वास. जाऊबाईंची चाल मात्र तशीच. ना जोर, ना घाई. उतरताना ब्रेक धरून हळू उतरायच्या आणि चढताना मान खाली घालून, जणू डेपोला निघाल्यात. मी मागून त्यांच्याकडे काळजीने बघत होते. त्या डुगडुगतील, थांबतील, आता उतरतील, मग मी काय बोलायचं, कसं समजवायचं, याचीच तयारी करत होते. तिसावी फेरी लागली आणि तिसऱ्या मजल्यावर उतरावं लागलं ते मला.

उजव्या पोटरीत गोळा आला. मी सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसले ती बसलेच. जाऊबाई वर गेल्या, खाली आल्या, थांबल्या. त्यांनी माझी पोटरी चोळली, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "तू बस. माझा वेळ चुकतोय." आणि गेल्या.

तिथे बसून मी जे काही पाहिलं ते सांगितलं पाहिजे. दर पाच मिनिटांनी त्या दोनदा समोरून जायच्या, एकदा वर आणि एकदा खाली. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, सदरा पाठीवर ओला. कुणी त्यांना धरलेलं नव्हतं. कुणी मागून धावत नव्हतं. इतक्या दिवसांत मी त्यांना असं एकटीने दमलेलं पाहिलंच नव्हतं, आणि त्या किती सुंदर दिसत होत्या हे मला शब्दांत सांगता येत नाही. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची चीड येत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण मीच टेपने मोजलेलं.

साडेनऊला भावजी आणि माझा नवरा मोटार घेऊन आले. दमल्या असतील, घरी न्यावं म्हणून. भावजी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आले. मला बसलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. "ती कुठाय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तो दवाखान्यातला बाक होता.

तेवढ्यात खालून साखळीचा आवाज आला. जाऊबाई वळण घेऊन वर आल्या, नवऱ्याला बघितलं, मान हलवली आणि न थांबता पुढे गेल्या.

"कितवी?" भावजींनी विचारलं.

"एक्केचाळिसावी."

ते गच्चीकडे चालायला लागले. बेचाळीस त्यांनी मोठ्याने मोजली, मला खाली ऐकू आली. त्रेचाळीसला मीही लंगडत वर गेले. जाऊबाई गच्चीवर पोचल्या, एक पाय टेकला आणि उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने खांबावर शेवटची रेघ ओढली. भावजी चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते. मग म्हणाले, "वेळ?"

"नऊ सत्तेचाळीस," जाऊबाई म्हणाल्या. "दोन मिनिटं उशीर. हिची पोटरी चोळली म्हणून."

मी त्यांना मिठी मारली. त्या घामाने निथळत होत्या, मी रडत होते, कोण कुणामुळे भिजलं ते कळेना. "झालं, ताई," मी म्हटलं. "तुमचं जमलं. मी आजच कळवते, एकच जागा ठेवा म्हणून. मी गाडीतून येईन. वर भेटू."

त्यांनी मला बाजूला केलं. "वर एकटी पोचून मी काय करू? तुझ्या किती राहिल्यात?"

"चौदा. पण पाय..."

"पाय दीड तास बसलाय. त्याला कंटाळा आला असेल." त्यांनी घड्याळ बघितलं. "नऊ पन्नास. चौदा पंचे सत्तर. अकराला बरोबर सत्तरच मिनिटं आहेत. विश्रांती मिळणार नाही, ती तू आधीच घेतलीस." आणि त्यांनी आपली सायकल परत खाली वळवली.

भावजी पुढे झाले. मला वाटलं आता अडवणार. त्यांनी जाऊबाईंची बाटली घेतली, भरून आणली आणि परत सायकलला अडकवली. "सावकाश," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर टेकवलेली माझी सायकल मी घेतली. त्या चौदा फेऱ्या मला फारशा आठवत नाहीत. जाऊबाईंचं मागचं चाक आठवतं. "चढाकडे बघू नकोस, माझ्या चाकाकडे बघ," असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी आयुष्यात प्रथमच कुणाचं मुकाट्याने ऐकलं. सातव्या फेरीला पोटरी परत आखडली. मी ओरडले, पण उतरले नाही. त्यांनी वेग कमी केला, तोही इतकाच की मी मागे पडू नये आणि मला उतरावंसंही वाटू नये. एकोणतीस वर्षं माणसांच्या ताकदीचा अंदाज घेतलेली बाई ती. माझा नवरा प्रत्येक मजल्यावर आधीच पोचून उभा राहायचा आणि काहीतरी म्हणायचा. काय म्हणायचा ते विचारायचं राहून गेलं. शेवटच्या चढाला मला माझ्याच हृदयाचे ठोके दातांत ऐकू येत होते, आणि मग एकदम ऊन लागलं, म्हणजे गच्ची आली.

दहा वाजून सत्तावन्न. ड्रायव्हरने माझ्या चौकटीत त्रेचाळिसावी रेघ ओढली. मग तो जाऊबाईंच्या चौकटीकडे वळला, मोजायला लागला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या सत्तावन्न भरल्या. खिंड चढून वर आणखी तिसरा हिस्सा."

जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. "माझ्या त्रेचाळीसच लिही," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सोबतीच्या. त्या मोजायच्या नसतात."

ड्रायव्हरने खडू खाली केला. मी तोंड फिरवून फोन काढला. थोडक्यात लिहिलं: गाडी नको. चौथ्या दिवशी दोघी सायकलने. वेळापत्रक सुधारून पाठवतो. जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी "दोघी" या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पाठव."

अकरा वाजले. खाली फाटक उघडल्याचा आवाज आला. भावजींनी विचारलं, मोटार वर आणू का? जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही सावकाश या मागून, आम्ही सायकलनेच जातोय. आम्ही उतरलो तेव्हा दारात चार-पाच मोटारी आत यायला रांगेत उभ्या होत्या आणि पहिल्याने हॉर्न वाजवला. जाऊबाईंनी डावा हात वर करून त्याला थांबवलं, मला पुढे जाऊ दिलं आणि मग स्वतः बाहेर पडल्या.